एकदाच पेरलेला तेरडा

"शेजारणीच्या मायेला भुलू नको. तेरड्याचा रंग तीन दिवस," आईनं फोनवर बजावलं होतं. नीलमनं ते हसण्यावारी नेलं होतं.

भिंतीपलीकडं सुलाबाई एकट्या राहायच्या. रोज सकाळी अंगणातला तेरडा खुडून भिंतीवर ठेवायच्या आणि पाकळ्या ओल्या करून नीलमच्या लहानग्या सृष्टीच्या नखांवर चिकटवायच्या. अख्ख्या सेलूत अशी नखं कुणाची नव्हती.

आज भिंत रिकामी होती.

काल सुलाबाईंनी सृष्टीच्या डोळ्यांत काजळ घातलं आणि नीलमनं त्यांच्यादेखत ते पुसलं. "डॉक्टर नको म्हणतात, मावशी." सुलाबाई काजळाची डबी मिटून निघून गेल्या होत्या. म्हणजे आईचंच खरं झालं. नीलम भिंतीपाशी गेली, परत फिरली. पुन्हा गेली. हाक काही तोंडातून निघेना.

मग तिला पलीकडच्या उंबऱ्यावर दुधाची पिशवी दिसली. एक मांजर ती निवांत फाडत होतं. सुलाबाई घरात असताना मांजराची ही बिशाद नव्हती.

सृष्टीला कडेवर घेऊन ती धावली. "मावशी, ओ मावशी!"

"हितं हाय," अंगणातल्या न्हाणीतून आवाज आला. "दार फुगलंय पावसानं. सकाळधरनं बादली पालथी घालून बसले."

नीलमनं पोरीला खाली ठेवलं आणि दाराला खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला दार उघडलं. "मी भिंतीपाशीच होते की. हाक का नाही मारली?"

"तू रुसलेली. रुसल्या माणसाला दार उघड म्हनावं का?"

"रुसल्या होत्या तर तुम्ही."

"म्या कशाला रुसू? डोळ्यात नको तर नको. कानामागं लावीन."

तेवढ्यात सृष्टीनं तेरड्याचं फुगलेलं बोंड चिमटीत धरलं. ते फटकन फुटलं, बिया उडाल्या. पोर दचकली, मग खिदळली, आणि लगेच दुसऱ्या बोंडाकडं वळली.

"आई म्हणते, तेरड्याचा रंग तीन दिवस," नीलम म्हणाली.

"खोटं न्हाई माय," केसांत अडकलेली बी काढत सुलाबाई म्हणाल्या. "पन हे अंगणभर म्या एकदाच पेरलं व्हतं."

आता सकाळची पहिली हाक नीलमचीच असते. भेटेल त्याला ती एकच सांगते, तुम्हालाही तेच: शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आज त्यांचं दार उघडलंय का, बघून या. रुसवा असेल तर जरा लवकरच जा.