ऑपरेशनचा कागद

या महिन्याचे स्त्रीबीज उजवीकडे तयार झाले आहे, असे सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी सांगितले, तेव्हाच हाही महिना बहुधा वाया गेल्याचे तिला कळले. उजवी गर्भनलिका वर्षापूर्वी आत रुजलेल्या गर्भासह काढली होती. घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. “अपेंडिक्स काढल्यावर लोक आठ दिवसांत कामाला लागतात. तुझ्या दवाखान्याच्या वाऱ्या संपेनात! नातवंड कधी दाखवणार?” अपेंडिक्सची ती गोष्ट नवऱ्याने रचली होती. त्याने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र उघडले. तिने फायलीतून ऑपरेशनचा कागद काढून सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मुलाकडे पाहिले. “अरे, वर्षभर मी हिला काय काय बोलले! सांगितलं का नाहीस?” “तुला वाईट वाटलं असतं, आई.” ते वाईट वाटणे कोणाच्या वाट्याला घालायचे, हे त्याने परस्पर ठरवून टाकले होते.