रांगेतले गोंडे

साखर कारखान्याच्या काट्यापुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग दिवसदिवस हलायची नाही. तेवढ्या वेळात गोरक्षनाथ उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीचे असे गोंडे करून शिंगांना बांधायचा, की येणारा-जाणारा त्याच्याच बैलांचे फोटो काढायचा. मागच्या गाडीवर मोबाईल चाळत बसलेल्या आदिनाथचा नुसता जळफळाट व्हायचा.

"दादा, तुला हे सुचतं तरी कसं?" त्यानं एकदा विचारलंच.

"कंटाळा येतो लई. तुझ्यावानी मोबाईल थोडाच हाय मला!"

दुसऱ्या दिवशी आदिनाथनं आपला जुना मोबाईल, रिचार्ज मारून, गोरक्षनाथच्या हातात ठेवला. "मन लई मोठं हाय पोराचं," सारी रांग म्हणाली.

&nbsp;

आदिनाथ आता रोज गाडीवरून उतरून खात्री करून येतो. आठ दिवस झाले, गोरक्षनाथच्या बैलाच्या डाव्या शिंगाला नवा गोंडा आहे, उजवं अजून बोडकंच.