रिकाम्या चौथऱ्यावरची बाई

चौकातला चौथरा झाडायला चढण्याआधी सगुणाबाईंनी रोजच्यासारखा झाडू काखेत मारला आणि वर बघत हात जोडले. तिथं पुतळा आहे म्हणे, पण तो डोळ्यांत भिंगं बसवलेल्यांनाच दिसतो. झाडूवालीला कुठली आलीत भिंगं? देव असो नाहीतर थोर माणूस, नकळत पाय लागला तर आधीच माफी मागितलेली बरी.

समोर एक मुलगी चौथऱ्याकडे बघत, डोळे पुसत उभी होती. सगुणाबाईंना राहवेना.

"पोरी, कोण गं आहे वर?"

"एक बाई आहे, मावशी. हात जोडलेत, काखेत झाडू..." मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. "आणि वर बघतेय."

सगुणाबाईंनी रिकाम्या आभाळाकडे पाहिलं.

"तिला तरी दिसतंय का गं काही?"