उत्तराची वाट न पाहता

मोतीबिंदूमुळे पोपटरावांचा हात मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीत चुकू लागला, तेव्हा प्रणिताने वडिलांच्या हमरापूरच्या गणपती कारखान्यात कुंचला धरणारं यंत्र बसवलं. ती रोह्याच्या घरून, कॉम्प्युटरवरून त्याला हुकूम द्यायची. एका मूर्तीचं ‘झालं’ असं उत्तर आलं, की मगच पुढच्या मूर्तीचा हुकूम जायचा.

गणपती तोंडावर आले, तशी तिने ही वाट पाहणंच काढून टाकलं. सगळे हुकूम एकदम गेले. ‘झालं’, ‘झालं’ अशी उत्तरं येऊ लागली.

तिने फोन लावला. “बाबा, डोळे कसे उतरलेत?”

“कसले डोळे गो? सकाळपासून लाइट नाय. यंत्र गप उभं हाय.”

पडद्यावर आणखी एक ‘झालं’ उमटलं.

“थांब गो. माझ्या पापणीवर कायतरी ओलं फिरतंय.”

तिने घाईने हुकूम रद्द करून पाहिले. गेलेले हुकूम परत येत नव्हते.

‘झालं.’

“अगो, दिसतंय! उंदराच्या मिशापण दिसतायत!”

प्रणिताच्या जिवात जीव आला. “आता जरा डोळे मिटून पडा, बाबा,” ती म्हणाली.

“प्रणिता, डोळे मिटत नायत गो.”