बिनआवाजाचा कॅमेरा

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने बोरगेला दोन भारी कॅमेरे दोन दिवस वापरून बघायला दिले होते, त्यातला एक घ्यायचा होता. पहिल्याचा आवाज ऐकूनच तो खूश झाला. खटॅक! तीस वर्षं बार्शीत स्टुडिओ चालवून त्याला एक कळलं होतं, आवाज आल्याशिवाय गिऱ्हाइकाला फोटो निघाल्यासारखं वाटतच नाही.

समोर स्टुलावर गोदाक्का बसल्या होत्या. आपल्या माघारी भिंतीवर लागायचा फोटो त्यांना आत्ताच काढून ठेवायचा होता. "आमच्या ह्यांचा ओळखपत्रावरचा मोठा करून लावलाय. अगदी चोर दिसतात."

खटॅक झालं. फोटोत श्वास धरलेला, ओठ घट्ट मिटलेले. चेहरा असा, जणू नुकत्याच सुनेशी भांडून आल्यात. बोरगेच्या स्टुडिओतून भिंतीवर गेलेली सगळीच माणसं अशी दिसायची.

त्याने दुसरा कॅमेरा उचलला. गोदाक्का पुन्हा ताठ झाल्या आणि तशाच बसून राहिल्या.

"काढ की रे, मान अवघडली!"

"सात काढले, अक्का. याला आवाजच नाही."

"म्हणजे मी उगीच श्वास कोंडून बसले?" गोदाक्का खदखदून हसल्या, पुढचे दोन दात नसल्याचंही विसरून. बोरगेचं बोट बटण दाबतच राहिलं. त्यांना पत्ताही लागला नाही.

गोदाक्कांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपला हसरा फोटो निरखून बघितला. तेवढ्यात बोरगेने पहिला कॅमेरा परत द्यायला खोक्यात भरला.

"हाच मोठा कर," गोदाक्का म्हणाल्या. "सून रोज याच्यासमोर उदबत्ती लावणार. मी तिच्यावर रागावून गेले नाही, एवढं तिला कळू दे."