डोरीनची ओळ

पुढची ओळ डोरीन ऑकरॉइडची होती. सगळा टाउन हॉल त्या ओळीसाठी श्वास रोखून बसला होता आणि डोरीन मांडीवरच्या युफोनियमवर हात ठेवून शांत बसली होती. ते भलंमोठं पितळी वाद्य तिनं ओठांपर्यंत नेलंच नाही.

मुलांच्या ऑर्केस्ट्राची व्हायोलिनं ठरल्याप्रमाणे थांबली होती. हॅदरक्लफच्या खाणकामगार बँडातले तिचे सोबतीही आपापली वाद्यं खाली करून वाट पाहत होते. आता युफोनियमनं एकट्यानं सूर उचलायचा आणि ओबो वाजवणाऱ्या मुलीनं त्याला उत्तर द्यायचं. ऑर्केस्ट्राचा संचालक ज्युलियन व्हिटम यानं छडी वर नेली आणि डोरीनकडे बघत खाली आणली. काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा हात केला. त्याला वाटलं, बाईंचं लक्ष नाही.

लक्ष होतं. अकरा वर्षं होतं.

अकरा वर्षांपूर्वी याच माणसानं डोरीनच्या लेकीची, कर्स्टीची, ऑर्केस्ट्रात घेण्यासाठी परीक्षा घेतली होती. चौदा वर्षांची पोर, बँडाच्या खोलीत शिकलेली, हॉर्न छातीशी धरून उभी. चार ओळी ऐकून तो शेजारच्या परीक्षकाला म्हणाला होता, "ही मिरवणुकीतली पोर. हिला रस्त्यानं चालवा, खुर्चीत बसवू नका." दाराशी रांगेत उभी असलेली मुलं हसली. कर्स्टीनं त्यानंतर हॉर्नला हात लावला नाही. ऑर्केस्ट्रा राहिलाच, बँडही सुटला.

व्हिटमला यातलं काही आठवत नव्हतं. महिनाभर एकत्र तालमी चालल्या, त्यात एकदा त्यानं मुलांना थांबवून सांगितलं होतं की ऑकरॉइडबाईंचा सूर ऐका, असा सूर शिकवून येत नाही. ती एकटीची ओळ त्यानंच तिला दिली होती. डोरीननं मान लववून आभार मानले होते, आणि तिथंच काय करायचं ते ठरवून टाकलं होतं.

"वाजव की, बाई," शेजारी बसलेला क्लिफर्ड ओठ न हलवता पुटपुटला.

ती व्हिटमकडे बघत राहिली. आता त्याला कळलं. का ते नाही, पण ही वाजवणार नाही एवढं कळलं. हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. ओबोवाल्या मुलीचे डोळे भिरभिरायला लागले. शेवटी व्हिटमनं स्वतःच ती ओळ गायला घेतली. सूर फाटलेला. तिसऱ्या रांगेत एक बाई फिसकन हसली, मग आणखी दोघं हसले. त्याचे कान लालबुंद झाले. डोरीननं ते हसू शेवटपर्यंत, चवीनं ऐकून घेतलं.

ओबोचा पहिला सूर चुकला, दुसरा कसाबसा लागला आणि गाडं पुढे सरकलं. संपल्यावर टाळ्या झाल्या, कीव केल्यासारख्या.

मागच्या खोलीत चहा ठेवला होता. डोरीन आत आली तशी बोलणी थांबली. ओबोवाली मुलगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडत होती. डोरीननं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. क्लिफर्ड पुढे आला. तीस वर्षं तो तिच्या डाव्या हाताला बसत आला होता, आणि बँडाचा चिटणीसही तोच होता.

"कोट दे," तो म्हणाला.

लाल कोट बँडाचा असतो. तिनं एकेक गुंडी सोडवली, कोटाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातावर ठेवली. युफोनियमही बँडाचंच. ते तिनं पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि बाहेर पडली.

बाहेर पायऱ्यांवर कर्स्टी उभी होती. रविवार म्हणून लीड्सहून दोन बस बदलून आली होती. मार्चच्या वाऱ्यात आईच्या अंगावर नुसता पातळ सदरा पाहून तिनं आपला मफलर तिच्या गळ्यात घातला आणि का वाजवलं नाहीस म्हणून विचारलं.

"तो व्हिटम होता," डोरीन म्हणाली. "ओळखलं नाहीस?"

कर्स्टीला आठवायला वेळ लागला. मग ती पायरीवर बसलीच. त्या माणसाचं तोंडसुद्धा आपल्या लक्षात नव्हतं, असं ती हळूच म्हणाली.

"मी तर तुला ऐकायला आले होते, आई."

डोरीननं मफलर गळ्याभोवती घट्ट आवळून घेतला.

"तुला लक्षात ठेवायची गरजच नव्हती," ती म्हणाली. "मी होते ना."