अशी बाई नाहीच

"ताई, कॅमेऱ्यात बघून एवढंच म्हणायचं, 'मी खरी आहे.' एका मिनिटाचं काम आहे हो!"

इस्त्रीवालीनं मान वर केली नाही. शर्टाची कॉलर ताणून तिनं इस्त्री दाबली. "एकदा नाही म्हटलं ना? चालता हो."

चालता हो! दिग्दर्शकाचं पित्तच खवळलं. ज्या बाईला त्यानं घराघरांत पोचवलं, ती त्याला दारावरच्या विक्रेत्यासारखं हाकलत होती. दुकान तरी कसलं, जिन्याखालचं खबदाड. एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीला टेकलेली गाठोडी. त्यातलंच एक बाजूला सारून तो हट्टानं स्टुलावर बसला.

नवऱ्याचं घर सोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या बाईवर त्यानं एकट्यानं माहितीपट केला होता. ना निर्माता, ना वितरक. कॅमेरा स्वतःचा, कापाकापी घरच्या लॅपटॉपवर, जेवणाच्या टेबलाशी बसून. आधी दोन-तीन महोत्सवांत अर्ध्या रिकाम्या सभागृहांत तो दाखवला गेला आणि विसरलाही गेला. मग एका ऑनलाइन कंपनीनं तो घेतला, आणि बघता बघता लोक तो बसमध्ये, अंथरुणात, संडासात बसून बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अनोळखी माणसं ओळखायला लागली.

आणि तिथंच कुणीतरी हात धुवून त्याच्या मागं लागलं. रोज नवं नाव, पण शेरा तोच: 'सगळं खोटं. अशी बाई नाहीच.' आणि खाली एकच तारा. सरासरी तीन ताऱ्यांच्या खाली घसरली की कंपनी सिनेमा काढून टाकणार होती, आणि ती जेमतेम तीनवर लोंबकळत होती. "माझा सिनेमा वाचवा हो," असं त्यानं सिनेमाच्या पानावर जाहीर रडगाणंसुद्धा गायलं होतं.

"तुम्हाला कळतंय का," तो आता चिडूनच बोलला, "कुणीतरी माझ्या पोटावर पाय देतंय! तुम्ही नाहीच आहात म्हणतात. हलकट लेकाचे!"

"मीच आहे ती हलकट," इस्त्रीवाली म्हणाली.

पंखा कुरकुरत राहिला.

"बहिणीच्या फोनवरून लिहिते. शेजारणीच्या फोनवरून लिहिते. कमी तारे मिळाले की काढतात, हे तूच रडून सांगितलंस ना सगळ्यांना?"

"अहो, पण का?" तो उठून उभाच राहिला. "मी काय वाकडं केलं तुमचं? चार वर्षं घातली मी तुमच्यावर! जरा तरी जाण ठेवा!"

"जाण?" तिनं इस्त्री आदळून उभी केली. "तू काय म्हणाला होतास मला? लांबच्या गावी, दोन-चार हॉलमध्ये दाखवणार. चष्मेवाली शहाणी माणसं बघतील आणि घरी जातील. म्हणून तोंड दाखवलं मी. म्हणून सगळं बोलले. आणि तू ते फोनमध्ये टाकलंस! कुणाच्या फोनमध्ये? तर माझ्या नवऱ्याच्या पुतण्याच्या!"

दिग्दर्शक पुन्हा स्टुलावर बसला.

"त्यानं काकाला दाखवलं. काकानं सिनेमातलं दुकान ओळखलं, चौक ओळखला, आणि आला. दोनदा हात मोडलाय त्यानं माझा, तूच तर दाखवलायस. तिसऱ्या वेळी मान मोडीन म्हणालाय. मागच्या दारानं निघाले मी. अंगावरच्या कपड्यांनिशी. परत सगळं पहिल्यापासून."

"मला सांगायचं तरी..."

"फोन केला होता. सिनेमा काढ म्हटलं. तू काय म्हणालास? आता ते माझ्या हातात नाही ताई, कंपनीकडं आहे, मी जरा सत्काराला आलोय. आणि ठेवलास."

त्याला तो सत्कार आठवला. फोन मात्र आठवेना, याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली तशी तो आणखीच हट्टाला पेटला. त्यानं खिशातून फोन काढला.

"बरं, चुकलो. पण लोक किती मानतात तुम्हाला, ते तरी बघा. हे ऐका. 'खोटं म्हणणाऱ्यांनो, लाज बाळगा. ही बाई अस्सल आहे. मी तिला रोज बघतो...'"

"बास कर. मी ते वाचत नाही. तारा दाबते आणि बंद करते. त्यात माझं तोंड दिसतं मला."

तिनं पुन्हा इस्त्री उचलली. शर्टाच्या बाहीवर टेकवली. आणि तिचा हात तसाच थांबला.

"काय रे," ती हळू आवाजात म्हणाली, "या जागेचा पत्ता बहिणीशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तुला कुठं मिळाला?"

दिग्दर्शकाचा अंगठा फोनच्या काचेवरच राहिला. बाहीतून धूर यायला लागला.

"पुढचं वाच," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. "'मी तिला रोज बघतो. बस डेपोसमोरच्या दातांच्या दवाखान्याखाली, जिन्याजवळ तिचं इस्त्रीचं दुकान आहे. विश्वास नसेल तर जाऊन बघा.'"

इस्त्रीवालीनं बटण बंद केलं. जळकी बाही तशीच टाकून ती पुढं आली, शटर अर्धं खाली ओढलं, आणि वाकून रस्त्याची दोन्ही टोकं पाहिली. मग मागं वळून तिनं त्याच्या हातातल्या फोनकडं बोट केलं.

"एवढे हजारो लोक लिहितात. मग हेच सगळ्यात वर कसं? कुणी लावलं ते वर?"

आठवडाभर ते तिथंच होतं. सिनेमा उघडणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी तेच दिसत होतं.

"मी," दिग्दर्शक म्हणाला.